खोलीला विहीर

परवा ऑफिसात कॉफी मशीनपाशी विषय निघाला, 'स्वप्नातल्या घरात काय काय हवं?' कुणी टेरेस म्हणालं, कुणी ओपन किचन. आमच्या टीममधला एकजण म्हणाला, 'बेसमेंट! होम थिएटर टाकायचं, बीन बॅगवर पसरायचं, वर कोण भांडतंय ते ऐकूच येणार नाही.' सगळे हसले. मी विचारलं, 'आणि खिडकी?' तो म्हणाला, 'तळघराला कुठली आलीये खिडकी?'

गंमत इथेच आहे, बॉस. कारण या एका खिडकीवरून गेल्या मे महिन्यात आमच्या घरात महाभारत झालं होतं.

माझं घर जालन्याचं, मस्तगडचं. जालना म्हटलं की लोक 'सोने का पालना' म्हणतात, नाहीतर बियाण्यांच्या आणि स्टीलच्या कंपन्यांची नावं घेतात. मस्तगड ही तिथली गढी. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबील खानाने 1725 मध्ये ती बांधली. फारसी शिलालेख आहे, पुढे तिथे नगरपालिकेची कचेरीही भरायची. पण लहानपणी आम्हाला भुरळ होती ती गढीतल्या मोठ्या विहिरीची. ती नुसती विहीर नाही, तिच्या पोटात गॅलऱ्या आणि खोल्या बांधलेल्या. त्या काळी जमिनीखाली बसायचं तर उजेड आणि वारा आणायचा कुठून? विहिरीच्या तोंडातून! एसी नसलेल्या काळातली एकदम कूल आयडिया.

आमच्या घरालाही तळघर आहे. मे महिन्यात वर पारा चाळिशी ओलांडतो, खाली मात्र चटईवर डोळा लागतो. आजोबांच्या वेळी त्याला गल्लीच्या बाजूने एक झरोका होता, जमिनीच्या वर वीतभर. मग गल्लीत रस्ता झाला. त्यावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर, त्यावर काँक्रीट. जुना थर खरवडून काढायची आपल्याकडे पद्धतच नाही. दर वेळी रस्ता वर आणि झरोका खाली. शेवटी पावसाचं पाणी आत येतं म्हणून काकांनी त्यावर फरशी ठोकून टाकली. पाणी थांबलं, पण उजेडही गेला, वाराही गेला. राहिला तो कुबट वास आणि भिंतीवर चढलेली ओल.

आणि गेल्या मे महिन्यात दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, जाहीर केलं, 'तळघरात अभ्यासिका काढतोय. तीस खुर्च्या, एसी, वायफाय. एमपीएससीवाली पोरं रांग लावतील.'

प्लॅन झक्कास होता. फक्त माझ्या डोळ्यांसमोर दिल्ली आली. 27 जुलै 2024, ओल्ड राजेंद्र नगर. कोचिंग क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून गेले. त्या तळघराला परवानगी होती ती स्टोअर आणि पार्किंगची. आमच्या तळघरात उतरायलाही एकच जिना, अरुंद, आणि त्याचं दार आत उघडणारं.

मी म्हटलं, 'आधी झरोका उघडू या. नीट खिडकी करू, आणि तिच्याबाहेर खड्डा.'

काका पान लावता लावता थांबले. 'काऊन गं? पाणी आत येतं म्हणून मी भोक बुजवलं, तू खड्डा करून त्याला आमंत्रण देतीस?'

प्रश्न रास्त होता. उत्तर मला मिळालं होतं ते एडिसनला, न्यू जर्सीत.

2022 मध्ये ऑनसाइट गेले तेव्हा मामेबहिणीकडे दोन महिने मुक्काम होता, तोही तिच्या बेसमेंटमध्ये. तिकडे त्याला गेस्ट रूम म्हणायचं, म्हणजे वाईट वाटत नाही! खोली जमिनीखाली, तरी सकाळी सातला तोंडावर ऊन यायचं. पहिल्याच दिवशी खिडकी उघडून बाहेर डोकावले, तर समोर अर्धगोल नालीदार पत्र्याची भिंत, तळाशी खडी, एका बाजूला छोटी शिडी, वर आकाश. 'ही विंडो वेल,' ताई म्हणाली. मला एकदम मस्तगड आठवलं. आमच्याकडे विहिरीला खोल्या, यांच्याकडे खोलीला विहीर!

तिकडे तळघरात झोपायची खोली करायची तर नियम पक्के. खिडकी अशी हवी की तिच्यातून माणूस बाहेर पडू शकेल आणि बंब घेऊन आलेला जवान आत येऊ शकेल. बाहेरचा खड्डा किमान नऊ चौरस फूट, भिंतीपासून निदान तीन फूट पुढे आलेला. खोली 44 इंचांहून जास्त असेल तर शिडी किंवा पायऱ्या हव्यातच. वर जाळी टाका, पण ती आतून किल्लीशिवाय, अवजाराशिवाय उघडली पाहिजे. रात्री दोन वाजता जिन्यात धूर भरला तर कुलपाची किल्ली कोण शोधणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळाचा निचरा. खडीखालून पाइप, आणि तो घराच्या पायाभोवतीच्या ड्रेनेजला जोडलेला. ताईने मला हे कौतुकाने नाही, पोळल्यामुळे सांगितलं. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस तिकडे कोसळला, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तासाभरात 80 मिलिमीटर. त्या एका रात्रीत न्यूयॉर्क शहरात तळघरांतल्या घरांमध्ये 11 माणसं गेली. ताईकडे कुणाला काही झालं नाही, पण तिच्या विहिरीच्या तळाशी पानांचा थर साचला होता. निचरा तुंबला, विहीर भरली आणि खिडकीतून पाणी गादीवर आलं. तेव्हापासून जिजाजी पावसाआधी स्वतः उतरून पानं काढतात. आयटीवाला माणूस, हातात खुरपं!

तर काकांना मी हेच सांगितलं. नुसता खड्डा म्हणजे फनेल, पाणी थेट खिडकीत. नीट बांधलेला खड्डा ओल्या मातीला आणि पाण्याला खिडकीपासून लांब ठेवतो. फरक असतो तो काठात, उतारात आणि तळात.

काकांचा दुसरा चेंडू यॉर्कर होता. 'आपली जमीन काळी. तिच्यात पाणी मुरतंय कुठं?'

शंभर टक्के खरं. काळी माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते आणि भिंतीला रेटते. मुरमाड जमिनीत नुसती खडी टाकून भागेलही, आपल्याकडे नाही. शिवाय आमची गटार तळघराच्या जमिनीपेक्षा उंचावर. पाइप तिला सरळ जोडला असता तर गटारच आत आली असती.

मग एका ओळखीच्या सिव्हिल इंजिनिअरला बोलावलं. त्याने आधी भिंतीची तपासणी केली, कारण जुन्या दगडी भिंतीत मोठं भोक पाडायचं म्हणजे वर लिंटेल लागतं. गल्लीची बाजू त्याने बादच केली. रस्ता आपला नाही, तिथे खणायचं नाही. खिडकी निघाली मागच्या अंगणात. खड्ड्याच्या भिंती आरसीसीच्या, आतून पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या म्हणजे उजेड परतून आत येतो. काठ अंगणापेक्षा वीतभर उंच, अंगणाचा उतार घरापासून उलटा, पन्हाळीचं पाणी दुसरीकडे वळवलेलं. तळाशी खडी, खडीखालून पाइप एका छोट्या टाकीत, टाकीत आपोआप चालू होणारा पंप, तो इन्व्हर्टरवर. धो धो पावसातच लाइट जाते, हे जालन्यात सांगावं लागत नाही. पंपाच्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा वॉल्व्ह. वर उघडती जाळी.

आणि अभ्यासिका?

दादा खूश होता. 'आता तर खिडकीपण झाली!' इंजिनिअरने शांतपणे सांगितलं, 'खिडकी एका कुटुंबाच्या खोलीसाठी ठीक आहे. तीस पोरं एका शिडीवरून चढणार का?' अंगणातलं पाणी हा खड्डा अडवेल, पण रस्त्याचीच नदी झाली तर तोही भरतो. दोन फूट पाणी चढलं की तीन फूट रुंद दारावर दीडशे किलोंहून जास्त भार येतो. शिवाय अशा वापराला महापालिकेची परवानगी लागते, आणि तळघराला ती सहजासहजी मिळत नाही, मिळूही नये.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. 'पुण्यात राहून शहाणी झालीस' हे काकूंच्या मार्फत कळवलं. ॲडव्हान्स दिलेल्या खुर्च्या होत्या, राग साहजिक होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच टेप घेऊन माडी मोजताना दिसला. अभ्यासिका वर झाली. तीसच्या जागी अठराच खुर्च्या बसल्या, पण दोन दारं आहेत आणि मोठ्या खिडक्या.

जुलैत रात्री दहाला दादाचा फोन. जोराचा पाऊस, मागे पंपाची घरघर. 'खाली उभा आहे. जमीन कोरडी आहे,' एवढंच म्हणाला. त्याच्या भाषेत हे सॉरीच.

हल्ली दुपारी काका तळघरात पेपर वाचतात, तेही बल्ब न लावता. कुबट वास गेलाय. बाकी कुणी मला बेसमेंटमधलं होम थिएटर दाखवायला नेलं, की मी स्क्रीनची साइज विचारत नाही. मी आधी बाहेर पडायची दुसरी वाट शोधते. तुम्हीही शोधा. आणि पावसाआधी पानं काढा!