खिशातले पिस्तूल : आधी खिसा तपासा, मग दुकान गाठा

गेल्या महिन्यात माझा पुतण्या गाळ्यावर आला. त्याने नुकताच धंदा वेगळा केला आहे. सुरतेहून माल आणतो, नाशिक, धुळे, जळगावच्या किरकोळ दुकानदारांना देतो आणि महिन्यातून दोनदा वसुलीला जातो. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, "चाचा, शस्त्र परवान्याचा अर्ज भरतोय. सगळ्यात छोटे पिस्तूल कोणते मिळते? सदरीच्या खिशात बसेल आणि कुणाला दिसणार नाही असे सांगा."

त्याने मला विचारले यात नवल नाही. २००४ ते २०२१ अशी सतरा वर्षे माझ्याकडे परवान्याचे .३२ बोअरचे पिस्तूल होते. कसारा घाटात एका रात्री आमची गाडी अडवून वसुलीची रक्कम लुटली गेली, त्यानंतर मी ते घेतले. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा हक्क मला आहे, असे समजतो. पुतण्याला जे सांगितले तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. बाजारात रोख घेऊन फिरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनात तो कधी ना कधी येतो.

प्रथम बाजारात काय आहे ते पाहू. आपल्या देशात सामान्य नागरिकाला ९ एम.एम. किंवा .३८ बोअरचे हत्यार मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. उरतात ते मुख्यतः .२२, .२५ आणि .३२. परदेशी हत्यारांची आयात सामान्यांसाठी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे जुनी विलायती छोटी पिस्तुले हातोहात फिरत राहतात आणि सोन्याच्या भावाने विकली जातात. देशी मालात कानपूर आणि इछापूरच्या सरकारी कारखान्यांचे नाव आहे. २०१४ साली आलेले 'निर्भीक' हे .३२चे रिव्हॉल्व्हर साधारण अर्धा किलोचे, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. 'निडर' हे .२२चे रिव्हॉल्व्हर तर पाव किलोचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून 'प्रबल' आले, .३२चेच, वजन सुमारे ७०० ग्रॅम. आता खासगी कारखान्यांनाही परवाने मिळाले आहेत. किमतीवर कर वेगळा. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे, हेही हिशेबात धरा.

ही यादी वाचून कुणीही म्हणेल, पाव किलोचे घ्या, काम संपले. इथेच पहिली गफलत होते. मीही तीच केली होती. सपाट, पातळ, तळहातात मावणारे जुने विलायती पिस्तूल मी दुप्पट दाम देऊन घेतले. पहिल्याच दिवशी निशाणीवर चालवले तेव्हा कळले की हत्यार जेवढे लहान आणि हलके, तेवढा त्याचा धक्का मनगटाला जास्त. मूठ इतकी आखूड की दोनच बोटे बसतात, करंगळी हवेत. नळी आखूड म्हणून नेम धरायला पुढची-मागची खूण जवळजवळ, हात जरा हलला की गोळी भलतीकडे. दहा हातांवरच्या पुठ्ठ्याला माझ्या सातपैकी दोन गोळ्या लागल्या. छोटे हत्यार बाळगायला सोपे असते, चालवायला अवघड असते. दुकानदार पहिली बाजू दाखवतो, दुसरी तुम्हाला स्वतः शोधावी लागते.

दुसरी गोष्ट खिशाची. तीस वर्षे कापड विकले म्हणून हे मला आधीच कळायला हवे होते. कुर्त्याचे पॉपलीन म्हणजे काय, पातळ कापड! त्याच्या खिशात अर्धा-पाऊण किलो लोखंड टाकले की एक खांदा खाली ओढला जातो, खिसा लोंबतो आणि रस्त्यावरचा पोरगाही ओळखतो की आत काय आहे. लपवण्यासाठी घेतलेली वस्तू अशी चारचौघांत बोलते. सदरीच्या खिशाला आतून जाड कॅनव्हास आणि चामड्याचे अस्तर लावून घेतले तेव्हा कुठे ते नीट बसले. त्या खिशात दुसरे काही ठेवायचे नाही. किल्ली नाही, मोबाइल नाही, सुटे पैसे नाहीत. किल्लीचे टोक चापात अडकले तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर हवेच. २०१६च्या शस्त्र नियमांतही हेच आहे. सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये असले पाहिजे, ते काढून मिरवायचे नाही, लग्नात हवेत बार काढायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा हवेतल्या बारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

तिसरी गोष्ट आपल्या गावची. भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत हवेतच रुवा उडतो. हत्याराला तेल लावतात, त्या तेलावर रुवा बसतो आणि आत लापशी तयार होते. वर घामाचे पाणी आणि कोकणपट्टीचा पावसाळा. महिनाभर साफ न केलेले माझे पिस्तूल एकदा दुसऱ्याच गोळीला अडकले. ते पुठ्ठ्यासमोर अडकले म्हणून मी हसलो, घाटात अडकले असते तर?

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? माझे मत स्पष्ट आहे. जो माणूस महिन्यातून एकदाही सराव करणार नाही, त्याने पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये. पिस्तुलात मॅगझिन वेगळे, चेंबर वेगळे, वरची स्लाइड वेगळी, सेफ्टीची कळ वेगळी. घाबरलेला माणूस यातले एक तरी विसरतोच. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर उघडले की भरलेली आणि रिकामी घरे डोळ्यांनी मोजता येतात. घोडा न चढवता चालवले तर चाप लांब आणि जड ओढावा लागतो, त्यामुळे चुकून सुटण्याचा धोका कमी. एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. त्यातही .२२ची काडतुसे फुसकी निघण्याचे प्रमाण अधिक, कारण त्यांचा बार कडेच्या पट्टीत भरलेला असतो. म्हणून घ्यायचेच असेल तर .३२चे नवे देशी रिव्हॉल्व्हर, अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. हातात धरून बघा, पूर्ण मूठ बसते का ते पाहा, चाप ओढून पाहा. दिसायला थोडे जाड असेल, असू द्या. आपण कापड घेताना पोत हाताने चाचपतो, फोटो बघून गाठोडे उचलत नाही. इथे तर जिवाचा सौदा आहे.

मग मी माझे पिस्तूल का काढून टाकले, हे पुतण्याने विचारले. ते सांगायला मला अजूनही जड जाते.

मी रोज घरी आल्यावर मॅगझिन काढून कपाटात ठेवत असे आणि समजत असे की पिस्तूल रिकामे झाले. २०२१च्या एका संध्याकाळी वसुलीहून आलो. सदरी खुंटीला टांगली, मॅगझिन काढले, तेवढ्यात पार्सलवाल्याचा फोन आला म्हणून गॅलरीत गेलो. परत आलो तर पाच वर्षांचा नातू पलंगावर उभा. सदरी त्याच्या पायाशी, पिस्तूल दोन्ही हातांत, आणि तोंडाने ठो-ठो आवाज. समोर त्याची आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी काही न बोलता त्याच्या हातातून ते काढून घेतले. सून म्हणाली, "अब्बा, रिकामे आहे ना?" मी म्हटले, "हो बेटा, रिकामेच आहे." आणि तिला दाखवायला स्लाइड मागे ओढली. आतून एक काडतूस उडाले आणि फरशीवर घरंगळत पलंगाखाली गेले.

मॅगझिन काढल्याने चेंबरमधली गोळी निघत नाही. सतरा वर्षे हत्यार बाळगलेल्या माणसाला हे माहीत नव्हते असे नाही. माहीत होते, पण त्या दिवशी दमलेलो होतो आणि फोन वाजला. एवढेच कारण. सून त्या रात्री जेवली नाही. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, तेच जास्त लागले. पंधरवड्यात कायदेशीर परवानगी घेऊन मी ते हत्यार विक्रेत्याला दिले आणि परवाना परत केला.

आता नफा-तोट्याचा हिशेब मांडतो. सतरा वर्षांत ते पिस्तूल माझ्या कामी किती वेळा आले? एकदाही नाही. लोकसभा, विधानसभा, महानगरपालिका, प्रत्येक निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलिसांच्या आदेशाने ते ठाण्यात जमा असे. परवाना महाराष्ट्रापुरता होता, म्हणजे तलासरी ओलांडून सुरतेला जाताना ते घरीच ठेवावे लागे, आणि मोठी रक्कम तर त्याच वाटेवर असे! विमानात ते जवळ ठेवून बसता येत नाही. दुकानात, लग्नात, दवाखान्यात एक हात सतत खिशावर. आणि घाटात खरेच चौघांनी अडवले असते, तर गाडीच्या सीटवर बसल्या बसल्या अस्तरातून ते काढायला मला जो वेळ लागला असता, तेवढा त्यांनी दिला असता काय?

कायद्याची बाजूही समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जीव आणि मालमत्ता यांच्या बचावाचा हक्क आहे, पूर्वीच्या दंड संहितेतही होता. पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कुणालाही नाही. थैली हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल. त्या वेळी वकिलाची फी थैलीपेक्षा मोठी निघेल.

आणि मुळात थैली हवीच कशाला? २००४ मध्ये माझ्यापुढे पर्याय नव्हता, गावोगावचे दुकानदार रोखीशिवाय बोलत नसत. आज ती सबब राहिलेली नाही. २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. छोट्या रकमेला यूपीआय आहे. जी रोख उरते तिच्यासाठी वाहतुकीतल्या रकमेचा विमा मिळतो. वसुलीची वार आणि वाट दर वेळी बदला, एकटे जाऊ नका, जमलेली रक्कम त्याच गावच्या बँकेत भरा. या सगळ्याला परवाना लागत नाही आणि यातले काही नातवाच्या हाती लागले तरी चालते.

मी असे म्हणत नाही की कुणालाच हत्याराची गरज नाही. ज्याला खरोखर धमकी आहे, ज्याची पेढी सोन्याची आहे, जो आडरानात राहतो, त्याने रीतसर अर्ज करावा. आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त, नसेल तिथे जिल्हाधिकारी परवाना देतात. प्रशिक्षण आणि वैद्यकीय प्रमाणपत्र केवळ फाइल भरण्यासाठी आणू नये. बिनपरवाना गावठी कट्ट्याचा तर विचारही मनात आणू नये, तो आधी तुमची इज्जत घेतो आणि फुटला तर हातही. जो घेईल त्याने तीन गोष्टी आधी कराव्यात : भिंतीत पक्की केलेली कुलूपबंद तिजोरी, चाप झाकणारे होल्स्टर, आणि महिन्यातून एक सकाळ सरावासाठी. आणि एक सवय अंगी बाणवावी : घरात पाऊल टाकल्यावर आधी हत्यार रिकामे करायचे, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, तिजोरीला कुलूप लावायचे, मगच फोन घ्यायचा. हे जमणार नसेल तर पाव किलोचेही हत्यार तुम्हाला जड आहे.

पुतण्याने सगळे ऐकून घेतले. अर्ज फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, "चाचा, विचार करतो." मी म्हटले, "कर. पण आधी तुझ्या बायकोला विचार, घरात ते कुठे ठेवायचे. जागा तिने दाखवली, तर बोअरचे आपण नंतर बोलू."