पहिली चव कोणी घ्यायची?

मार्च २०२१च्या पहिल्या आठवड्यात लिनस टोरवाल्ड्स यांना स्वतःच्याच कामावर धोक्याची पाटी लावावी लागली. तीन-चार दिवसांपूर्वी, २८ फेब्रुवारीला, त्यांनी लिनक्स कर्नेलच्या ५.१२ या आवृत्तीची पहिली चाचणी-प्रत जाहीर केली होती. त्याआधी अमेरिकेतल्या पोर्टलंड परिसरात हिमवादळ झाले होते, त्यांच्या घरची वीज सहा दिवस गायब होती, तरी प्रत ठरल्या दिवशी निघाली. आणि आता त्याच प्रतीच्या नावाला त्यांनी ‘वापरू नका’ या अर्थाचे इंग्रजी शेपूट जोडले. ही प्रत काही संगणकांच्या डिस्कवरची माहिती नासवत होती.

घोटाळा साधा होता. संगणकाची मेमरी अपुरी पडू लागली की तिच्यातला काही मजकूर तात्पुरता डिस्कवर नेऊन ठेवला जातो. त्यासाठी कोणी डिस्कचा एक स्वतंत्र भाग राखून ठेवतो, कोणी नुसती एक मोठी फाइल करून देतो. साफसफाई म्हणून केलेल्या, वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या एका बदलामुळे ही फाइल डिस्कवर नेमकी कुठे सुरू होते याचा हिशेब कर्नेलकडून सुटला. मजकूर फाइलीत जाण्याऐवजी डिस्कवर भलत्याच जागी, तिथे आधीपासून असलेल्या माहितीच्या उरावर लिहिला जाऊ लागला. स्वतंत्र भाग राखणाऱ्यांना याची गंधवार्ताही नव्हती. खुद्द टोरवाल्ड्स यांच्या यंत्रांत मेमरी इतकी की तिथे ही वेळच येत नव्हती. उबुंटू वापरणाऱ्यांकडे मात्र फाइलीचीच पद्धत रूढ आहे. तशी फाइल असलेल्या मोजक्या परीक्षकांनी ओरड केली म्हणून गोष्ट तिथेच थांबली. पुढची दुरुस्त प्रत नेहमीच्या रविवारची वाट न पाहता शुक्रवारीच काढण्यात आली.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. (लष्करातल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही, बदामाच्या आतल्या गराशी आहे.) पडदा, डिस्क, वायफाय, कॅमेरा या साऱ्यांशी बोलण्याचे आणि एकाच वेळी चाललेल्या शेकडो कामांना वेळ व मेमरी वाटून देण्याचे काम तो करतो. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी सर्वच्या सर्व नोव्हेंबर २०१७ पासून त्याच्यावर चालतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतला, २०२४ साली सुरू झालेला ‘अर्क’ त्याच कुळातला. मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होते.

एवढा पसारा ज्याच्या खांद्यावर, त्याची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नव्या बदलांसाठी दार उघडे असते. एकेका आवृत्तीत बारा-तेरा हजार बदल आत येतात, त्यांमागे दोन हजारांच्या आसपास माणसे असतात. मग दार बंद होते, पहिली चाचणी-प्रत निघते आणि त्यानंतर दर रविवारी एक याप्रमाणे सहसा सात, कधी आठ प्रती निघतात. या काळात नवे काही घ्यायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांनी सगळ्यांची झोप उडवली, तेव्हा ४.१५ या आवृत्तीला नववी प्रत काढावी लागली होती. या प्रतींना इंग्रजीत ‘रिलीज कँडिडेट’ म्हणतात, आणि हे नाव दिशाभूल करणारे आहे. पहिली प्रत प्रकाशनासाठी उमेदवार वगैरे मुळीच नसते. ती अर्धी शिजलेली भाजी असते आणि कोणीतरी चव घेऊन मीठ सांगावे एवढीच तिची अपेक्षा असते.

ती चव घेणारे किती? खरी अडचण इथेच आहे.

औषधाच्या चाचण्यांशी तुलना चटकन सुचते. तिथेही टप्पे असतात, आधी थोड्यांवर, मग पुष्कळांवर. पण औषध-चाचणीत स्वयंसेवक निवडलेले असतात, त्यांची लेखी संमती असते, नैतिकता समिती असते, इजा झाल्यास भरपाईची तरतूद असते. किती जणांनी औषध घेतले, हा आकडा तर असतोच असतो. कर्नेलच्या चाचणीत यातले काहीही नाही. कोणी प्रत उतरवली, चालवली आणि सारे ठीक दिसल्यावर गप्प बसला, तर त्याची नोंद कुठेच होत नाही. शांतता दोन कारणांनी असू शकते: चूक नाही म्हणून, किंवा कोणी चालवूनच पाहिले नाही म्हणून. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. औषधांच्या बाबतीत बाजारात आल्यानंतरचे दुष्परिणाम नोंदवण्याची व्यवस्था आपल्याकडे २०१० पासून राष्ट्रीय पातळीवर आहे, आणि तिचेही दुखणे हेच, की अंगावर पुरळ उठले तर माणूस गोळी बंद करतो, कळवत नाही.

चव घेण्यात धोका नाही असे कोणी म्हणू नये. २००८ साली २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणी-प्रतींनी इंटेलची काही नेटवर्क कार्डे अक्षरशः निकामी केली. कार्डाच्या आतल्या कायमस्वरूपी स्मृतीत कचरा लिहिला जात होता. संगणक बंद करून चालू केला, जुना कर्नेल परत घातला, तरी कार्ड मेलेले ते मेलेलेच. अनेक वितरणांच्या चाचणी-आवृत्त्यांत हा कर्नेल पोचलेला होता आणि त्यांना घाईने इशारे द्यावे लागले. कित्येक आठवडे संशय त्या कार्डाच्या चालकावर, म्हणजे ड्रायव्हरवर होता. खरा गुन्हेगार निघाला कर्नेलच्या हालचालींचा माग ठेवणारी एक निराळीच सोय. मेमरीच्या एका तुकड्यात पूर्वी कर्नेलचाच मजकूर होता. तो सोडून दिल्यावर नेमकी तीच जागा कार्डाच्या वाट्याला आली होती, आणि ही सोय तिथे अजूनही जुनाच मजकूर आहे असे समजून लिहीत होती. असा योगायोग प्रयोगशाळेत बसून कल्पनेने उभा करता येत नाही. तो लोकांच्या टेबलांवरच घडतो.

म्हणूनच बहुतेक शहाणी माणसे थांबतात. कंपन्यांचे तंत्रज्ञ तर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावरही आणखी एक-दोन दुरुस्त्या येईपर्यंत हात लावत नाहीत. एकेकट्याचा विचार केला तर हे अगदी बरोबर आहे. ‘अर्क’वर किंवा रुग्णालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकावर चाचणी-प्रत चालवणे हा बेजबाबदारपणा ठरेल. पण सगळेच थांबले तर थांबण्याचा उपयोग कोणालाच होत नाही. चुका तेवढ्या काही आठवडे शिळ्या होतात. दुसऱ्याने आधी चाखावे हे शहाणपण दुसरा कोणी असेपर्यंतच चालते. आणि जे फुकट मिळणाऱ्या लिनक्सवर कोट्यवधींची उलाढाल करतात, त्यांनी एखादे फावले यंत्र या कामाला न लावणे हा शहाणपणा नाही, कंजूषपणा आहे.

न चाखता वाढले तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. ती गोष्ट विंडोजची. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने गाभ्याशी जोडलेल्या आपल्या प्रणालीचे एक छोटे अद्यतन एकाच वेळी सगळीकडे पाठवले आणि सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर थिजले. ब्रिटनमधल्या डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

यंत्रांनीच यंत्रे तपासावीत, माणसे कशाला, असाही एक युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. गूगलचा सिझबॉट कर्नेलला वेड्यावाकड्या विनंत्या करून छळतो. त्याने हजारो चुका बाहेर काढल्या आहेत. इंटेलचा रोबो नवे बदल आपणहून उचलून, जोडून, चालवून पाहतो. कर्नेल-सीआय हा प्रकल्प वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या फळ्यांवर प्रती चालवतो. या यंत्रणा नसत्या तर दहा आठवड्यांत तेरा हजार बदल पचवणे अशक्यच होते. पण कर्नेलचा निम्म्याहून अधिक मजकूर ड्रायव्हरांचा असतो, आणि ड्रायव्हर तपासायला ते यंत्र समोर लागते. सात वर्षांपूर्वीचा अमुक लॅपटॉप, त्यातले तमुक वायफाय, त्याला जोडलेला जुना प्रोजेक्टर, ही जुळणी कोणत्या प्रयोगशाळेत असणार? झाकण लावून लॅपटॉप झोपवला आणि दोन तासांनी उघडला तर आवाज परत येतो का, हे रोबो सहसा पाहत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये स्लाइड-शो लावणारा पाहतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनात पेरलेले चोरदार उघडकीला आले, तेही कोणत्या स्वयंचलित पहाऱ्यामुळे नव्हे. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंता डेबियनची अस्थिर आवृत्ती चालवत होते आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्यांना खटकले. ती आवृत्ती सर्वसामान्यांपर्यंत पोचण्यापूर्वीच प्रकरण मिटले.

अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारी माणसे सगळीकडे नसतात, पण कर्नेलच्या चाचणीला तेवढ्या प्रतिभेची गरजही नाही. चिकाटी लागते. समजा, गेल्या आवृत्तीत वायफाय चालत होते आणि या चाचणी-प्रतीत चालत नाही. मधे तेरा हजार बदल आहेत, दोषी कोणता? बरोबर मधला बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा कर्नेल बांधायचा, चालवायचा. वायफाय चालले तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही चालले तर मागच्या. पुन्हा अर्धे. चौदा वेळा हे केले की एकच बदल हाती उरतो. आपल्या यंत्राला लागणारेच भाग निवडले तर जुन्या संगणकावरही हे एका सुट्टीच्या दिवशी उरकते. सी भाषेची एक ओळ न लिहिता विद्यार्थी जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाला सांगू शकतो, की बिघाड तुमच्या अमुक बदलाने झाला. (५.१२च्या वेळी टोरवाल्ड्स यांना खरी चिंता याचीच होती. त्या नासक्या प्रतीवर इतरांनी आपले काम रचले असते, तर पुढे कधीतरी असा अर्ध्याअर्ध्याचा शोध घेणारा एखादा परीक्षक नेमका तिच्यावर येऊन आपली डिस्क गमावून बसला असता.)

हे चाचणीच्या काळातच का करायचे, याचेही उत्तर व्यवहारी आहे. आधी चालत होते ते चाललेच पाहिजे, हा टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे आणि त्याबाबत ते भीडभाड ठेवत नाहीत. बदल महिनाभर जुना असेल तर लिहिणाऱ्याला तो आठवत असतो, आणि दुरुस्ती जमलीच नाही तर तो सरळ मागे घेता येतो. तीच तक्रार दोन वर्षांनी आली तर मधे लाख-सव्वा लाख बदलांचा थर साचलेला असतो, त्यावर इतरांनी मजले चढवलेले असतात. आणि ज्या यंत्रासाठी कोणीच बोलत नाही ते कधीतरी यादीतून जाते. इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरचा आधार ६.७ या आवृत्तीत काढून टाकला गेला, कारण त्याची देखभाल करणारे कोणी उरले नव्हते. नंतर काही हौशी मंडळी जागी झाली, पण तोवर गाडी गेली होती.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही अशा यंत्रांवर लिनक्स टाका, हा सल्ला तेव्हापासून शाळा, वाचनालये, पतसंस्था सगळ्यांनाच दिला जातो आहे. सल्ला चांगला आहे. पण ही यंत्रे जुनी आहेत, त्यांतले सुटे भाग युरोप-अमेरिकेतल्या परीक्षकांच्या टेबलांवरून केव्हाच हटले आहेत, आणि ती पुढेही चालत राहावीत यात सर्वांत मोठे हितसंबंध आपले आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत अशी यंत्रे रांगेने पडून असतात. त्यांतली चार-दोन, ज्यांवर कोणाचाही प्रकल्प किंवा गुणपत्रक नाही अशी, चाचणीला द्यायला काय हरकत आहे? तिसऱ्या वर्षाच्या कार्यप्रणाली विषयाला तीच ती ठरावीक प्रात्यक्षिके लिहून घेण्यापेक्षा एका सत्रात एक खरी तक्रार शोधून कळवणे हे अधिक गुणांचे काम मानले पाहिजे. परीक्षकाचे नाव दुरुस्तीच्या नोंदीत कायमचे कोरले जाते, हा लोभही काही लहान नाही.

प्रत बसवणे अवघड उरलेले नाही. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे यांच्याकडे तयार बांधलेल्या चाचणी-प्रती मिळतात. जुना कर्नेल जागेवर राहतो आणि संगणक सुरू होताना हवा तो निवडता येतो. मात्र जुना कर्नेल शाबूत आहे म्हणजे माहितीही शाबूत राहील, असे नाही. ५.१२चा फटका बसलेल्यांकडेही जुना कर्नेल होताच. तेव्हा डिस्क वेगळी असावी, नाहीतर आधी प्रत काढून ती बाहेर ठेवलेली असावी. तक्रारीत शेवटची चालणारी आवृत्ती, पहिली न चालणारी आवृत्ती आणि यंत्राचे नेमके नाव एवढे असले तरी समोरच्याचे निम्मे काम होते. ‘वायफाय बंद पडले’ एवढ्यावर कोणीही काही करू शकत नाही. टोरवाल्ड्स रविवारी दुपारी नवी प्रत काढतात तेव्हा भारतात सहसा सोमवारची पहाट असते, आणि प्रयोगशाळा दहाला उघडते.