दुपारची डुलकी आणि लाल शेरा

परवा दुपारी ताईचा फोन आला. आवाज चढलेला. भाच्याच्या डायरीत लाल शाईने शेरा आला होता, 'स्लीपिंग इन क्लास'. पठ्ठ्या डबा खाऊन इतिहासाच्या तासाला बाकावरच आडवा झाला. मग उरलेला तास मागे उभा. "तूच समजाव रे त्याला," ताई म्हणाली.

गंमत अशी, की मी तेव्हा आमच्या ऑफिसच्या 'क्वाएट रूम'मधून वीस मिनिटं झोपून बाहेर येत होतो. तिथे बीन बॅग आहेत, पडदे आहेत, आणि एचआरवाले नव्या पोरांना ती खोली कौतुकाने दाखवतात. मी तिशी ओलांडलेला घोडा झोपलो तर 'वेलनेस', आणि बारा वर्षांचं पोर झोपलं तर शेरा. समजावू काय, कपाळ?

दुपारची पेंग काही फक्त वरणभाताने येत नाही. शरीराच्या घड्याळातच दुपारी एक खड्डा असतो, उपाशी राहिलात तरी तो लागतोच. आपल्याकडे उगाच नाही वामकुक्षी म्हणत. नासाच्या 1994च्या अहवालात लांब पल्ल्याच्या वैमानिकांवरचा प्रयोग आहे. त्यांना आळीपाळीने 40 मिनिटांची विश्रांती दिली, ते सरासरी 26 मिनिटं झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. जपानमध्ये फुकुओकातल्या मेइझेन हायस्कूलने 2005 साली जेवणानंतर 15 मिनिटांची डुलकी सुरू केली. चीनमध्ये तर अनेक शाळांत दुपारची झोप नेहमीचीच.

"शाळा म्हणजे काय धर्मशाळा आहे?" असं कुणीतरी म्हणणारच. पण गाद्या कोण मागतंय? डब्यानंतर दिवे बंद, डोकं बाकावर, वीस मिनिटांनी घंटा. ज्याला झोप नको त्याने गप्प बसून पुस्तक वाचावं. वीसच का? कारण त्यापुढे झोप गाढ होत जाते, मग उठल्यावर डोकं जड होतं, आणि रात्रीची झोपही लांबते.

आता खरी गोम. भाचा क्लास, गृहपाठ आटपून अकराला झोपतो आणि बससाठी सहाला उठतो. म्हणजे सात तास. या वयाला निदान नऊ लागतात. रोजची दोन तासांची उधारी वीस मिनिटांत कशी फिटणार? आमच्या भाषेत डुलकी म्हणजे पॅच, बग वेगळाच आहे. महाराष्ट्र सरकारने 2024 साली चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. चांगलं केलं. पण पाचवीत गेल्यावर झोप कमी लागते असं कुणी सांगितलं? उलट वयात येताना मुलांची झोपेची वेळ पुढेच सरकते. कॅलिफोर्नियात तर 2022पासून बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरवायची नाहीत असा कायदा आहे.

पण बग सुटेपर्यंत पॅच लावू नये असं कुठे आहे? आपण तर प्रॉडक्शनमध्ये पॅचवरच वर्षं काढतो!

असो. रात्री भाच्याला फोन केला. समजावणं राहिलंच बाजूला. साहेबांचा पहिला प्रश्न, "मामा, ऑफिसात झोपलास की तुला कोण मागे उभं करतं?"

कुणी नाही रे बाबा. खरंच, कुणीच नाही.