नावडत्या डावाचे सौजन्य

मित्रांचे मन मोडू नये, हे वाक्य आपल्या घराघरांत इतक्या वेळा उच्चारले जाते की ते एकदा तपासून पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही. आम्हीही ते जन्मभर उच्चारले; सेवेत असताना हाताखालच्या मंडळींना ऐकवले, निवृत्तीनंतर नातवंडांना. गेल्या दिवाळीत मात्र ते आमच्यावरच उलटले. त्या निमित्ताने थोडे स्पष्ट लिहीत आहोत. वाचकांनी राग मानू नये.

आमच्या थोरल्या बंधूंची नात बंगळूरला शिकते. दिवाळीस इंदूरला आली असता एका संध्याकाळी तिने आम्हांस विचारले, "आजोबा, मैत्रिणींना अतिशय आवडणारा खेळ आपल्याला मुळीच आवडत नसेल, तर काय करावं?" खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. आम्ही न विचारताच निर्णय दिला : "अगं, खेळच तो! बसावं थोडा वेळ. मन मोडू नये." ती गप्प बसली. मग म्हणाली, "थोडा वेळ नाही, आजोबा. दर रविवारी चार तास. आठ महिने झाले."

तेव्हा हा खेळ आहे तरी काय, हे आम्ही तिच्याकडून समजून घेतले. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. सैनिकांचे लहान पुतळे मांडून लढाया खेळण्याचा छंद तिकडे होता; त्यातून हा निघाला. पाचसहा जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो गावे, अरण्ये, शत्रू, संकटे कल्पून ठेवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पात्राचे बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव असे सहा गुण कागदावर आकड्यांत मांडलेले असतात. "मी भिंत चढते" असे म्हणावयाचे, वीस बाजूंचा फासा टाकावयाचा, गुणावरून ठरणारी भर त्यात मिळवावयाची. बेरीज पुरेशी झाली तर चढलात, नाहीतर पडलात. येथे कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. कथा महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

नातीला यात काय खुपत होते? कथा नव्हे. गावातल्या माणसांशी पात्रे बोलतात, तो भाग तिला रुचत असे. पण लढाई सुरू झाली की प्रत्येकाने आपल्या पाळीने फासे टाकावयाचे, अंतरे मोजावयाची, नियम पाहावयाचे. पाच जणांची पाळी फिरून येईपर्यंत पाऊण तास एका चकमकीत जातो. मैत्रिणींना नेमके तेच प्रिय. दोन्ही बाजूंकडे दोष नाही. आवडी निराळ्या आहेत. ती मात्र आठ महिने हसतमुखाने बसली, आणि मेजाखाली मोबाइल चाळू लागली.

आमचा पहिला आक्षेप येथेच आहे. नावडता खेळ मित्रांसाठी खेळणे म्हणजे त्याग, असे आपण समजतो. पण या खेळात मन नसलेला खेळाडू बसला की नुकसान इतरांचेच होते. सूत्रधार मुलगी आठवडाभर रात्री जागून पुढचा प्रसंग रचते, यांची पाळी आली की "आं? काय झालं?" असा प्रश्न येतो, आणि सगळा प्रसंग पुन्हा सांगावा लागतो. एकदा तर कंटाळून नातीने आपले पात्र मुद्दाम राक्षसाच्या तोंडी घातले. त्याला वाचविताना मैत्रिणीने सहा महिने जपलेले पात्र मारले गेले. हे सौजन्य म्हणावयाचे काय?

यावर आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे असे की, खेळ हे निमित्त, सहवास मुख्य. शिवाय खेळात कसली आली आवड-नावड? या दोन विधानांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. खेळ निमित्तमात्र असेल, तर तो वगळून सहवास राहिला पाहिजे. तो राहत नसेल, तर खेळ निमित्त नसून प्रवेशमूल्य आहे, आणि ते मूल्य दर आठवड्यास देणाऱ्याला कधीतरी ते जड होणारच.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. आपण परमुलखात पिढ्यान्पिढ्या राहिलो ते मिळूनमिसळून, जुळवून घेऊन. हा आपला संस्कार आहे, असे सांगितले जाते. संस्कार आहे, हे मान्य. पण त्याचा अर्थ आपण बदलून घेतला आहे. आमची आजी शेजारच्या माळवी घरी लग्नाकार्यात सर्वांच्या आधी हजर असे. पापड लाटण्यापासून वरातीपर्यंत सर्व करी. पण दाल-बाफल्यांवरचे तूप तिला सोसत नसे, आणि ते ती पंगतीतच हसून सांगत असे. "काकीजींचे बाफले कोरडे वाढा" ही त्या घरची रीतच होऊन गेली. नातीतील गोडी त्यामुळे कमी झाली नाही. पन्नास वर्षे टिकली. जुळवून घेणे म्हणजे उपस्थित राहणे. आवडल्याचे सोंग करणे नव्हे.

भिडेपोटी पटावर बसण्याचा मोठा दाखला महाभारतात आहे. द्यूत हे कलहाचे मूळ, हे धर्मराज जाणून होता. विदुराशी तसे बोललाही. तरीही बोलावणे नाकारता येत नाही म्हणून गेला. सर्वस्व घालवून, आणि ते परत मिळूनही, दुसऱ्या बोलावण्यास पुन्हा बसला. तेथे पणास राज्य होते, येथे रविवारची संध्याकाळ आहे, हा फरक आम्हांस कळतो. पण 'नाही म्हणणे शोभत नाही' ही भीड दोन्हीकडे एकच.

आता आमच्यावर हे उलटले कसे, ते सांगितलेच पाहिजे. नातीचे ऐकून त्याच संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे मित्राच्या ओटल्यावर तीनशे चार खेळावयास गेलो. वाचकांस हा डाव ठाऊक असेलच : पाने बत्तीस; गुलाम तीस गुणांचा, नव्वी वीस, एक्का अकरा, दश्शी दहा, राजा तीन, राणी दोन; चारी रंगांचे मिळून तीनशे चार. उत्तम डाव आहे. पण आम्हांस तो कधीही आवडला नाही. कोणते पान पडले, लपविलेला हुकूम कोणता असेल, ही आठवण ठेवणे आम्हांस शिक्षेसारखे वाटते. निवृत्तीनंतर चौथा भिडू हवा म्हणून बसलो, तो नऊ वर्षे बसलो. त्या रात्री हिशेब केला : या नऊ वर्षांत ज्या मित्रांसमवेत शेकडो संध्याकाळी घालविल्या, त्यांच्याशी बोली आणि चुका यांपलीकडे आम्ही काय बोललो? आमच्या जोडीदाराच्या पत्नीची शस्त्रक्रिया झाल्याचे आम्हांस तिसऱ्याकडून कळले. आमच्या ढिलाईने त्याचे डाव नऊ वर्षे बुडत होते, ते निराळेच.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे. खेळ तीनचार वेळा मनापासून खेळून पाहावा. न खेळता नाक मुरडू नये. आवडला नाही तर लवकर सांगावे, कथा अर्ध्यावर आल्यावर नव्हे. 'मला आवडत नाही' एवढेच म्हणावे. 'तुमचा खेळ पोरकट आहे' असे म्हणू नये. आपल्यासाठी इतरांनी खेळ बंद करावा, ही अपेक्षा तर मुळीच ठेवू नये. आणि ज्यांना खेळ प्रिय आहे त्यांनीही उठणाऱ्यास फितूर ठरवू नये. या तरुण मंडळींत एक चांगली रीत आहे : खेळ सुरू होण्यापूर्वी एक बैठक केवळ बोलण्यासाठी घेतात, कोणास काय हवे, काय नको, हे तेथे ठरते. 2020 साली या खेळाच्या एका पुस्तकात तिची रीतसर माहितीही छापली गेली. नातीच्या गटाने तेवढीच एक बैठक गाळली होती. आपल्या ओटल्यांवर ती कधी झालीच नाही.

नातीने बंगळूरला परतल्यावर मैत्रिणींना सांगितले. ती आता रविवारी जेवणापुरती जाते. लढाया कमी आणि संवाद अधिक असलेले याच जातीचे दुसरे खेळ असतात. सुट्टीत तसा एक सर्वांनी मिळून खेळावयाचा बेत आहे. सूत्रधार मैत्रीण मात्र चार दिवस अबोल होती.

आम्हीही सांगितले. दोघांनी हसून मान्य केले, आणि पलीकडच्या गल्लीतील एक गृहस्थ चौथे भिडू झाले. ते आमच्याहून पुष्कळ बरे खेळतात. आम्ही डाव आटोपण्याच्या वेळी चहास जातो. जोडीदार मात्र अजून दुखावलेला आहे. "नऊ वर्षं खोटं बसलास?" एवढेच तो म्हणाला. त्याचा राग न्याय्य आहे. आम्ही पहिल्याच महिन्यात बोललो असतो, तर हा प्रश्न त्याला विचारावा लागला नसता.