गाडीच्या आतला रंग आणि आपली घाई

मंडळी, या वेळचा विषय जरा हात मळवणारा आहे. गाडीच्या आतले प्लास्टिकचे भाग, म्हणजे गिअरभोवतीची पट्टी, काचेच्या बटणांचा पॅनल, एसीच्या झडपा, दाराची हँडलं वगैरे, स्प्रेने घरी रंगवायचे आणि तेही गुळगुळीत! हल्ली दर दुसरा माणूस हा उद्योग करतो. व्हिडिओ दहा मिनिटांचा असतो, स्प्रेचा डबा चार-पाचशेत मिळतो, शनिवार-रविवार मोकळा असतो. मग काय, चढवा रंग!

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम शनिवारी सुरू करून रविवारी संध्याकाळी गाडीत बसवायचं नसतंच. आणि त्यातला गुळगुळीतपणा ज्या दिवशी स्प्रे मारतो त्या दिवशी ठरत नाही, तो त्याच्या आधीच ठरलेला असतो.

आधी, लोक यात पडतात कशाला? एक म्हणजे ओरखडे. दुसरं कारण सेकंडहँड गाडी घेतलेल्यांना चांगलं माहीत असेल: बटणं चिकट होणं. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः २००० ते २०१५ च्या दरम्यानच्या युरोपीय गाड्यांत, आतल्या प्लास्टिकवर रबरासारखा मऊ लागणारा पॉलियुरेथेनचा थर असायचा. नवीन असताना काय श्रीमंत वाटायचं! पण दमट हवेत आणि उन्हात या थराचं रसायन हळूहळू तुटतं आणि त्याचा डिंक होतो. मुंबई, गोवा, कोकण इथल्या हवेत तर हे व्हायचंच. बरं, नवा भाग घ्यावा तर एका चिकट बटणासाठी अख्खा पॅनल घ्या म्हणतात, आणि जुन्या मॉडेलचा असेल तर तोही मिळत नाही. तेव्हा रंगवणं हा खुळा छंद नाही, चांगली वस्तू फेकून न देण्याचा तो एक सरळ मार्ग आहे. म्हणूनच तो नीट करावा असं मला वाटतं.

आता मुद्द्याचं. रंगाचे दोन-तीन हात वाळले की सगळ्यांची मिळून जाडी बहुतेक वेळा माणसाच्या एका केसाइतकीही भरत नाही. एवढ्या पातळ पापुद्र्याने खालचा खड्डा झाकला जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. उलट रंग, त्यातही चकचकीत रंग, खालची प्रत्येक रेघ ओरडून सांगतो. नखाला लागणारी रेघ रंगानंतर दिसणार म्हणजे दिसणार. पण आपण सगळे प्रश्न डब्याला विचारतो. कुठला ब्रँड? किती अंतरावरून? खरे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत.

पहिला प्रश्न: या भागावर आधी काय काय चोपडलंय? डॅशबोर्ड चमकवायच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन तेल असतं. ते राहिलं की रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. वरून कितीही हात मारा, ते जात नाहीत. म्हणून भाग गाडीतून काढायचा, भांड्यांच्या साबणाने आणि घासणीने कानाकोपऱ्यातून धुवायचा, वाळवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. चिकट झालेला मऊ थरही याच अल्कोहोलने आणि भरपूर घासून निघतो. थिनरने पुसू नका. एबीएस प्लास्टिक थिनरने विरघळतं किंवा त्याला बारीक तडे जातात. आणि क्रम महत्त्वाचा: आधी धुणं, मग घासणं. उलट केलंत तर पॉलिश पेपर ते तेल प्लास्टिकच्या ओरखड्यांत छान भरून ठेवतो.

दुसरा प्रश्न: हे प्लास्टिक कुठलं? भाग उलटा करून बघा, मागे टोकदार कंसांत बारीक अक्षरं कोरलेली असतात. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर नशीबवान आहात, त्यावर रंग बरा धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर सावध. ('पीपी-टीडी२०' असं दिसलं तर त्यात २० टक्के टाल्कची भुकटी आहे, पण स्वभाव तोच.) पॉलिप्रॉपिलीनला काही चिकटायलाच आवडत नाही, नॉनस्टिक तव्यावर पाणी कसं गोळा होऊन पळतं तसं. कारखान्यात असे बंपर रंगवण्यापूर्वी पृष्ठभागावरून ज्योत फिरवतात, ती याचसाठी. घरी ज्योतीच्या भानगडीत न पडता अ‍ॅडहिजन प्रमोटर नावाचा पातळ, बिनरंगी स्प्रे आधी मारायचा. तो वगळला तर रंग सुंदर दिसतो... आणि महिन्याभरात नखाने सोलून निघतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो: गुळगुळीत करायचंच आहे का? गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर चामड्यासारखी जी खडबडीत नक्षी असते ती साच्यातच मुद्दाम कोरलेली असते. ती ओरखडे लपवते, बोटांचे ठसे लपवते आणि प्रकाश विखरून चमक कमी करते. ती घालवून आरशासारखं करायचं तर जाड प्रायमरचे, आपल्याकडच्या भाषेत सरफेसरचे, तीन-चार हात आणि प्रत्येक टप्प्यावर घासणं आलं. माझं मत विचाराल तर नव्वद टक्के भागांना नक्षी राहू द्यावी, प्लास्टिकसाठीचा रंग अगदी पातळ मारावा आणि मॅट किंवा सॅटिनवर थांबावं. अर्धवट भरलेली नक्षी सगळ्यात वाईट दिसते, धड नक्षी नाही, धड सपाट नाही. आणि डॅशबोर्डचा वरचा भाग तर कधीच चकचकीत करू नये. त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि दुपारच्या उन्हात रस्त्याच्या ऐवजी तुम्हाला तुमची कलाकारी दिसत राहते.

एवढं होऊन गुळगुळीतच हवं असेल, तर कृती सोपी आहे, फक्त लांब आहे. ४०० नंबरच्या पेपरने सपाट करा, खोल ओरखड्यात प्लास्टिकची पुट्टी भरा, सरफेसर मारा. तो वाळला की त्यावर काळ्या रंगाचा अगदी पुसट फवारा उडवा आणि ६०० च्या वॉटर पेपरने, पाणी लावून, सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासा. जिथे काळं उरेल तिथे खड्डा आहे. ही युक्ती मला फार पटते, कारण ती डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ही टेस्ट आहे. 'बरं दिसतंय की' ही टेस्ट नव्हे! काळं पूर्ण गेलं की ८०० ने एक हात फिरवा आणि मग रंगाकडे वळा.

प्रत्यक्ष रंग म्हणजे आता थोडंच काम उरलं. डबा आतली गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवायचा. अंतर साधारण २० ते २५ सेंटीमीटर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात नुसता शिंतोड्यासारखा, पूर्ण झाकायचा मोह टाळून. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं. फार जवळून मारलात तर ओघळ येतात, फार लांबून मारलात तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा लागतो. संत्र्याच्या सालीसारखं दिसलं तर समजायचं की रंगाला सपाट पसरायला वेळच मिळाला नाही.

हवेचंही ऐकावं लागतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करूच नये. रंगातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रंगावर दुधाळ झाक येते. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर मारलात तर रंग पसरायच्या आधीच सुकतो. हिवाळ्यातली कोरडी सकाळ, दहा-अकराचा सुमार, याला तोड नाही.

आणि मग येते ती खरी परीक्षा: काहीही न करणं. हाताला कोरडा लागलेला रंग आतून कोरडा नसतो. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे सहज जातो. अर्धवट वाळलेला भाग तिथे बसवला तर त्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात आणि उरलेलं द्रावण तुम्ही आणि तुमची पोरं श्वासातून घेता. निदान आठवडाभर तो भाग घराबाहेर हवेशीर जागी राहू द्या. गाडी तोवर भोक पडल्यासारखी दिसेल, दिसू दे.

दोन ठिकाणी मात्र माझं मत अजिबात मवाळ नाही. पहिलं, एअरबॅगची झाकणं रंगवायची नाहीत. आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकापुढची एअरबॅग २०१९ पासून आणि शेजारच्या सीटपुढची २०२१ पासून सक्तीची झाली, शिवाय बऱ्याच गाड्यांत त्या खांबांत आणि सीटच्या बाजूलाही असतात. ही झाकणं ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या जोराने फाटायला बनवलेली असतात. त्यावर पुट्टी आणि सरफेसर चढवून आपण ती रेषा भरून टाकतो, आणि वरचे कडक तुकडे समोरच्याच्या तोंडावर उडू शकतात. 'एसआरएस एअरबॅग' असं जिथे लिहिलंय तिथे डबा खाली ठेवायचा. रंग जुळत नाही? नाही जुळला तर नाही जुळला.

दुसरं, हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर घरात मारायचा नाही. फिनिश अप्रतिम येतं, मान्य. पण त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, एकदा शरीर त्याला बिचकायला लागलं की पुढे थोडीशी मात्राही त्रास देते, आणि वासावरून धोका कळत नाही. कापडी मास्क इथे निव्वळ समाधान आहे. त्यासाठी बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेला पेंटर गाठा. साध्या स्प्रेलाही सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूसवाला मास्क आणि मोकळी हवा हवीच.

कुणी म्हणेल, एवढं सगळं करण्यापेक्षा डेंटिंग-पेंटिंगवाल्याला देऊन टाकू. जरूर द्या! फक्त त्याला तीन गोष्टी विचारा: रंगाआधी कशाने साफ करणार, पीपीवर काय मारणार, आणि भाग किती दिवस ठेवून घेणार. 'साहेब, संध्याकाळी घेऊन जा' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. त्या माणसाचा हात वाईट असेल असं नाही, बहुतेक वेळा गिऱ्हाईकांनीच त्याला घाई करायला शिकवलेलं असतं. तयारीचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं, कारण तयारी दिसत नाही. आमच्याही धंद्यात टेस्टिंगचे दिवस सगळ्यात आधी कापले जातात, त्यामुळे हे दुःख जवळचं आहे.

सपाट, सरळ पट्टी असेल तर रंगाऐवजी विनाइल फिल्म लावा, तेही उत्तम. आणि एकाच वीकेंडची फुरसत असेल तर या शनिवारी फक्त एक भाग काढा, धुवा, मागची अक्षरं वाचा आणि ठेवून द्या. पुढच्या शनिवारी पेपर घ्या. असो. तुमचं काय मत, जरूर कळवा.