मांजर सुन्नत, मग ट्रे कोणाचा?

जुन्या नाशकात मांजरांची कमी कधीच नव्हती. दूध बाजार असो की चौक मंडई, मटणाच्या दुकानाखाली दोन-चार मांजरी बसलेल्या दिसतातच. पण ती गल्लीची मांजरं. आता आपल्या पिढीने मांजर घरात आणले आहे. वडाळ्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही पर्शियन मांजर दिसते. अम्मी-अब्बूंनी नको म्हटले की उत्तर तयार असते: मांजर पाळणे सुन्नत आहे, हजरत अबू हुरैरा यांचे नावच मांजरावरून पडले.

मला मांजरं आवडतात, घरात दोन आहेत. म्हणूनच म्हणते, की आपण अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी नाकाला कळते.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहात एक हदीस आहे. कबशा या आपल्या सासऱ्यांसाठी, म्हणजे हजरत अबू कतादा यांच्यासाठी, वुजूचे पाणी ओततात. तेवढ्यात मांजर येते. अबू कतादा भांडे तिरके करून तिला पाणी पिऊ देतात आणि सूनबाईंना सांगतात, की पैगंबरांनी (स.अ.) मांजराला नापाक म्हटलेले नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे. हे आपल्या सर्वांना पाठ असते. पण मांजर पाक असले तरी तिची लघवी नापाकच आहे, हनफी असो वा शाफई. जा-नमाजवर मांजर बसली तर हरकत नाही; ती तिथे ओली करून गेली तर धुवावीच लागते. तहारतला निम्मा इमान म्हणणाऱ्या आपल्या घरात तो वास लोबानच्या धुराखाली किंवा अत्तराखाली दडवून चालत नाही.

वास दडत नाही याला कारण आहे. मांजराची लघवी फार घट्ट असते. तिच्यातल्या युरियाचे जिवाणू अमोनिया करतात. युरिक आम्लाचे खडे साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून पुसलेली गादी पावसाळ्यातल्या दमट हवेत पुन्हा वास मारू लागते. लघवी झाली की आधी जुन्या कपड्याने दाबून टिपावी, मग एन्झाइमचा क्लीनर टाकून पुरेसा वेळ ठेवावा, शेवटी कडक ऊन दाखवावे. ट्रेमधली घाण रोज काढावी, रेती ठरावीक दिवसांनी पूर्ण बदलावी. जितकी मांजरं त्यापेक्षा एक ट्रे जास्त, हा जाणकारांचा सल्ला आहे. गोळा होणारी रेती संडासात टाकू नये. जुन्या वाड्यांची गटारे आधीच तुंबलेली असतात.

फिनेल मात्र वापरू नका. त्यातले फिनॉलसारखे पदार्थ मांजराच्या यकृताला पचत नाहीत. पंजाला लागलेले ती चाटते आणि आजारी पडते. डांबराच्या गोळ्याही तिला विषारी आहेत. लघवीवर ब्लीच ओतले तर जो वायू निघतो तो आपल्याही छातीला त्रास देतो.

बोका असेल तर त्याचे ऑपरेशन वेळेवर करा. वयात आलेल्या बोक्याच्या लघवीत गंधक असलेला एक घटक जास्त असतो, त्याचाच तो उग्र दर्प. भिंतीवर फवारे मारणेही त्याच वयात सुरू होते. ऑपरेशननंतर बहुतेक बोक्यांचे ते थांबते. ‘हे जायज आहे का?’ असे विचारले जाते. फायदा असेल आणि त्रास देण्याचा हेतू नसेल तर हनफी फिक्ह त्याला परवानगी देते. आणि शिकलेले मांजर अचानक ट्रेबाहेर जाऊ लागले तर मारू नका, डॉक्टरांना दाखवा. बोका कुंथतोय आणि लघवी होत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. त्यात जीव जाऊ शकतो.

आता खरा मुद्दा. हे सगळे करते कोण? मांजर आणतो भाईजान, रील बनवतो भाईजान, ट्रे उचलते अम्मी, बाजी किंवा भाभी. भाभीला दिवस गेलेले असले तरी तीच. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. म्हणून मांजर हाकलायची गरज नाही. हा जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज साफ झाला, आणि तो दुसऱ्या कोणी केला, की धोका खूप कमी होतो. तो ‘दुसरा कोणी’ घरातच बसलेला असतो.

पैगंबर (स.अ.) घरात काय करत, असे विचारल्यावर हजरत आयशा यांनी सांगितले, की ते घरच्यांच्या कामात असत. बुखारीत हे आहे. ही सुन्नत मात्र स्टेटसवर फारशी दिसत नाही.

हे काम टाळले की किंमत मांजर मोजते. वास वाढतो, शेजारी कुरकुरतात, घरमालक बोलतो. आपल्याला भाड्याने घर मिळणे आधीच सोपे नाही, ‘तुमच्या घरांत वास येतो’ हे तर जुनेच कारण. मग एके रात्री मांजर गोणीत जाते आणि गोदावरीपलीकडे कुठेतरी सोडले जाते. घरात वाढलेल्या मांजराला बाहेर जगता येत नाही. उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जेमतेम 10 ते 50 रुपये, म्हणून कोणी घाबरत नाही. पण मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचा अंजाम सांगणारी हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ती आठवली तर दंडाची रक्कम विचारायची गरज उरत नाही.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे: जो मांजर आणेल, तो ट्रे साफ करेल. रोज, फजरनंतर, पाच मिनिटे. हे जमणार नसेल तर घरात आणू नका. गल्लीतल्या मांजरीसाठी वाटीभर पाणी ठेवा, तेही सवाबचेच काम आहे.