आकडा पुरे, नाव सांगा

पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींवरचं एखादं रील तुमच्याही फोनवर आलं असेल. ढोल-ताशा, भगवा फिल्टर, खाली 'गर्व आहे'. त्यात कूत सहसा नसतं.

डिसेंबर १९१५. जनरल टाउनशेंडची पुणे डिव्हिजन इराकमधल्या कूत गावात वेढली गेली. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. आतल्यांना बाहेर पडता येईना, बाहेरच्यांना आत शिरता येईना. सोडवायला आलेल्या फौजेचेच सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले. धान्य संपत आलं, घोडे कापले. गावात वाळीत टाकतील या भीतीने अनेक हिंदी शिपाई ते मांस कित्येक आठवडे खात नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० जण शरण गेले. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, हजारो मेले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. कैदेत असतानाच 'सर' झाले.

रीलखाली दुसरी टोळीही असते: 'इंग्रजांचे भाडोत्री, कशाला आठवायचे?' अरे, मी रात्री दोन वाजता अमेरिकन क्लायंटच्या कॉलवर असतो, मला तर सोसायटीत मान मिळतो! कोकणात भाताचं एक पीक निघायचं. उरलेल्या वर्षासाठी मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण.

गर्ववाले असोत की भाडोत्रीवाले, माणसाचं नाव कुणालाच नकोय. अलिबागकडच्या एका गावात मी सरकारी दगड पाहिला: या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके मेले. बस. १९२९ च्या बसरा स्मारकावरही तेच. गोऱ्या शिपायाचं नाव कोरलं, हिंदी शिपायाचा फक्त पलटणीमागे आकडा. आमच्या भाषेत, टेबल उडवलं आणि काउंट ठेवला. २०२१ मध्ये युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली.

पण टेबल पूर्ण उडालेलं नाही. त्याच आयोगाच्या साइटवर हिंदी शिपायांची बरीच नावं आहेत. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, पुढे 'कोलाबा', म्हणजे १९८१ आधीचा आपला रायगड. गणपतीत गावी जाल तेव्हा चावडीजवळ, शाळेच्या भिंतीत तो दगड शोधा, फोटो काढा आणि साइटवर गावाचं नाव टाका. स्पेलिंग साहेबाच्या कानाने लिहिलेलं आहे. पहिल्या फटक्यात सापडलं नाही तर 'व्ही' काढून 'डब्ल्यू' टाका.